नोव्हेचे उघडे दरवाजे : एका इटालियन गावाच्या सिरॅमिक उत्सवाची पार्श्वभूमी

उत्तर इटलीच्या व्हेनेतो प्रदेशात, बास्सानो देल ग्राप्पा या शहरापासून थोडे दक्षिणेला, ब्रेंता नदीच्या उजव्या काठावर नोव्हे हे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. सप्टेंबर महिन्यात येथे सिरॅमिकचा उत्सव भरतो. त्याचे नाव ‘पोर्तोनी आपेर्ती’, म्हणजेच ‘उघडे दरवाजे’. त्या दिवसांत गावातील कारखाने आणि कुटुंबांच्या कार्यशाळा येणाऱ्या कोणालाही आत घेतात, वस्तुसंग्रहालय आणि कालव्यावरील जुनी गिरणी पाहता येते, रस्त्यांच्या कडेने इटलीतील व बाहेरील कारागीर आपापली भांडी मांडून बसतात, आणि मुलांच्या हाती मातीचा गोळा देऊन त्यांना चाकापाशी बसवले जाते. अशा कार्यक्रमांची गणना सहसा पर्यटनात होते. नोव्हेच्या बाबतीत मात्र हे दरवाजे उघडण्यामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील बराच काळ दरवाजे बंद ठेवण्यातच धंद्याचे हित मानले जात होते.

या धंद्याची सुरुवात नदीपासून करावी लागते. ब्रेंता आल्प्सच्या पायथ्यातून उतरताना डोंगरातील गारगोट्या आणि चुनखडीचे गोटे वाहून आणते, आणि नोव्हेच्या परिसरात तिचे पात्र रुंद होऊन हे दगड काठावर पसरतात. पाणी आणि दगड जवळच मिळत असत, आणि वरच्या खोऱ्यातील लाकूड ओंडके तरंगवत नदीतूनच खाली आणले जाई. भट्टी पेटती ठेवायची तर हे तिन्ही लागते. शिवाय ही नदी खाली व्हेनिसच्या दिशेने जाते आणि व्हेनिस ही त्या काळची या भागाची राजधानी व सर्वांत मोठी बाजारपेठ होती. बास्सानोमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मानार्दी कुटुंबाचा पांढऱ्या झिलईच्या भांड्यांचा कारखाना चालत होता, त्यामुळे काम जाणणारे हातही आसपास तयार झालेले होते.

१७२७ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता अँतोनिबोन यांनी नोव्हेत मायोलिकाचा कारखाना सुरू केला. मायोलिका म्हणजे भाजलेल्या मातीवर कथलाच्या अपारदर्शक पांढऱ्या झिलईचा थर देऊन त्यावर रंगकाम केलेली भांडी. ही झिलई तयार करणे हेच मुळात किचकट काम होते. वाळू किंवा दळलेली गारगोटी आणि द्राक्षमद्याच्या पिंपात तळाशी बसणारा गाळ जाळून मिळणारा क्षार एकत्र वितळवून काच तयार करायची, ती फोडून दळायची, आणि त्यात शिसे व कथील एकत्र भाजून केलेली राख मिसळायची, अशी तिची कृती होती. एकदा भाजलेले भांडे या पातळ मिश्रणात बुडवले की पाणी शोषले जाऊन वर पांढरी भुकटी बसते, आणि चित्रकाराला त्या भुकटीवरच कुंचला चालवावा लागतो. रंग टेकताक्षणी शोषला जातो. चुकलेली रेष पुसता येत नाही. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, अँटिमनीपासून पिवळा आणि मँगनीजपासून जांभळट तपकिरी, एवढेच रंग मुख्य भट्टीची धग सहन करत. गुलाबी छटा किंवा सोनेरी काम हवे असेल तर भांडे तिसऱ्यांदा, कमी तापमानाला भाजावे लागे. नोव्हेच्या ताटांवर दिसणारा छोट्या पुलाचा आणि फुलांचा नक्षीप्रकार आज सजावट म्हणून सहज पाहिला जातो, परंतु तो काढणाऱ्या हाताला दुसरी संधी नव्हती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही.

गारगोटी दळण्यासाठी गावातील इझाक्कीना नावाच्या कालव्याच्या पाण्याचा उपयोग केला गेला. पाण्याच्या चाकाने एक आडवा लाकडी दांडा फिरतो, त्यावरील खुंट्या मुसळांना उचलून सोडतात, आणि खालच्या उखळांत नदीचे दगड फुटून त्यांची पूड होते. दगड फोडणारी अशी एक गिरणी नोव्हेत अजून उभी आहे आणि या प्रकारच्या जिवंत राहिलेल्या युरोपातील जुन्या गिरण्यांत तिची गणना होते. उत्सवाला जाणाऱ्याने काही पाहायचे राहिले तरी चालेल, पण ही गिरणी चुकवू नये, असे मला मनापासून वाटते. दुकानातील सुबक बशीमागे किती दगड, किती पाणी आणि किती धूळ आहे, हे तिथे उभे राहिल्यावर जेवढे स्पष्ट होते तेवढे संग्रहालयाच्या काचेच्या कपाटापुढे होत नाही.

अँतोनिबोन यांच्या कारखान्याला राज्याच्या धोरणाची साथ मिळाली. परदेशी भांड्यांच्या, विशेषतः हॉलंडमधील निळ्या-पांढऱ्या मालाच्या आणि पौर्वात्य पोर्सेलीनच्या (म्हणजे पांढऱ्या मातीच्या, फार उंच तापमानाला भाजलेल्या चिनी भांड्यांच्या) खरेदीपोटी व्हेनिसमधून पैसा बाहेर जात होता. म्हणून १७२८ मध्ये व्हेनिसच्या सिनेटने आपल्या प्रजाजनांना मायोलिका आणि पोर्सेलीनचे कारखाने काढण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी करसवलतींचे आश्वासन दिले. त्या धोरणानुसार १७३२ मध्ये अँतोनिबोन यांना करमाफी मिळाली. पुढे त्यांचे पुत्र पास्क्वाले यांनी कारभार हाती घेतला आणि नोव्हेचे नाव दूरवर गेले.

पास्क्वाले यांना पोर्सेलीनची ओढ होती, आणि बंद दरवाजांचा काळ खऱ्या अर्थाने येथूनच समजून घ्यावा लागतो. चिनी पद्धतीचे अस्सल पोर्सेलीन युरोपात प्रथम जर्मनीतील सॅक्सनी या राज्यात साधले, आणि १७१० मध्ये माइसेन येथील किल्ल्यात त्याचा कारखाना निघाला. किल्ल्याची निवड सोयीपेक्षा गुप्ततेसाठी होती. कोणती पांढरी माती घ्यायची, तिच्यात काय मिसळायचे आणि भट्टीचा ताव कुठवर न्यायचा, हे ज्यांना ठाऊक होते त्यांना जवळजवळ कैदेत ठेवले जाई. तरीही माणसे फुटत. क्रिस्तोफ कोनराड हुंगर हा असाच एक कारागीर व्हिएन्नामार्गे व्हेनिसला पोहोचला आणि त्याच्या मदतीने १७२० मध्ये वेत्सी कुटुंबाने तेथे पोर्सेलीन तयार करण्यास सुरुवात केली. परंतु पांढरी माती सॅक्सनीतूनच येत होती. हुंगर १७२७ च्या सुमारास परत माइसेनला गेला, मातीचा पुरवठा तुटला आणि वेत्सींचा कारखाना बंद पडला. एका माणसाच्या जाण्याने आणि एका खाणीचा रस्ता अडल्याने अख्खा उद्योग कसा थांबतो, हे व्हेनिसने त्या वेळी पाहिले.

नोव्हेतही पुढचे पाऊल बाहेरून आलेल्या माणसामुळेच पडले. १७५२ मध्ये पास्क्वाले यांनी सॅक्सनीची राजधानी असलेल्या ड्रेस्डेनच्या योहान सिगिसमुंड फिशर यांना पोर्सेलीनची भट्टी बांधण्यासाठी बोलावून घेतले. यशाला वेळ लागला. दरम्यान ड्रेस्डेनचेच हेवेल्के दांपत्य व्हेनिसच्या राज्यात येऊन पोर्सेलीनचा विशेष परवाना मिळवून बसले होते. १७६२ मध्ये पास्क्वाले यांनी आपल्या पोर्सेलीनचे नमुने सादर करून तशाच सवलतींची मागणी केली. हेवेल्के यांचा कारखाना फार काळ टिकला नाही, पण त्यांचे भागीदार राहिलेले जेमिनियानो कोत्सी यांनी १७६४ मध्ये व्हेनिसमध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि व्हिचेंत्सा परिसरातील त्रेत्तो येथील माती वापरून सॅक्सनीवरचे अवलंबित्व संपवले. भागीदार प्रतिस्पर्धी होत होते, आणि कारागीर म्हणजे चालतेबोलते गुपित होते. अशा वातावरणात कारखान्याच्या फाटकाला कुलूप असणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. नोव्हेच्या पोर्सेलीनवर तारेची खूण असे. आज जगातील मोठ्या संग्रहालयांत ती खूण दिसते, मात्र ती भांडी घडवणाऱ्या बहुतेकांची नावे कोठेच दिसत नाहीत.

गुप्ततेची ही वृत्ती पोर्सेलीनपुरती नव्हती. सोळाव्या शतकाच्या मध्यास कास्तेल दुरांते येथील चिप्रियानो पिक्कोलपासो यांनी मायोलिकाची संपूर्ण प्रक्रिया, मातीपासून भट्टीपर्यंत, स्वतः काढलेल्या आकृत्यांसह लिहून काढली होती. कुंभारांच्या घरातले ज्ञान बाहेर सर्वांना मिळावे अशी त्यांची इच्छा होती. तरीही ते लेखन एकोणिसाव्या शतकापर्यंत छापले गेले नाही. जे कागदावर येऊनही वाचकांपर्यंत पोहोचले नाही, ते प्रत्यक्ष कार्यशाळेत परक्याला दाखवणे ही तर फारच दूरची गोष्ट होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती बदलली. इंग्लंडमधील फिकट दुधी रंगाची, पातळ आणि स्वस्त भांडी सर्व युरोपभर विकली जाऊ लागली, आणि नोव्हेच्या कारखान्यांनाही त्या पद्धतीचा माल काढावा लागला. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले आणि त्याबरोबर जुने परवाने व करसवलतींचा आधार गेला. १८०२ पासून काही काळ अँतोनिबोन यांचा कारखाना जोव्हान्नी बारोनी यांनी भाड्याने चालवला. पुढील दशकांत गावाचा निर्वाह मुख्यतः शेतकऱ्यांच्या घरी जाणाऱ्या साध्या मालावर झाला : कोंबडा, संत, शिपाई, फळे यांची जलद हाताने काढलेली चित्रे असलेली ताटे, आणि मातीच्या शिट्ट्या. राजवाड्यातील टेबलापासून शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंतचा हा प्रवास अनेक इतिहासकार घसरणीसारखा सांगतात. मला तसे वाटत नाही. त्या ताटांवरच्या कोंबड्यात जो मोकळेपणा आहे, तो पोर्सेलीनच्या पुतळ्यांत क्वचितच सापडतो, आणि आजचे कारागीर ज्या नक्षीकडे पुन्हा वळतात ती बहुतांशी याच काळातील आहे.

गावाच्या दृष्टीने निर्णायक घटना १८७५ मध्ये घडली. जुझेप्पे दे फाब्रिस हे १७९० मध्ये नोव्हेत जन्मलेले शिल्पकार. लहानपणी गावच्या सिरॅमिक कारखान्यात काम केलेला हा मुलगा पुढे रोमला गेला; सेंट पीटर चौकात बॅसिलिकासमोर उभा असलेला संत पीटर यांचा भव्य पुतळा त्यांचाच, आणि पोपच्या संग्रहालयांचे संचालकपदही त्यांनी भूषवले. १८६० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी गावासाठी ठेवलेल्या देणगीतून १८७५ मध्ये नोव्हेत सिरॅमिकची कला शिकवणारी शाळा सुरू झाली. त्यापूर्वी हे काम शिकायचे तर कारखान्यात जन्म घ्यावा लागे किंवा मालकाची मर्जी संपादन करावी लागे. शाळेने वर्ग, फळा आणि अभ्यासक्रम आणला. उघड्या दरवाजांची सुरुवात माझ्या मते येथे आहे, उत्सवाच्या कितीतरी आधी.

या शाळेचे फळ विसाव्या शतकात दिसले. सिसिलीतील काल्ताजिरोने या दुसऱ्या कुंभारगावात जन्मलेले आंद्रेआ परीनी १९४२ पासून शाळेचे प्रमुख होते. पोम्पेओ पियानेत्सोला, अलेस्सिओ तास्का आणि फेदेरिको बोनाल्दी ही येथून पुढे आलेली नावे इटालियन आधुनिक सिरॅमिकच्या इतिहासात ठळक आहेत. तास्का यांनी विटा काढण्याच्या यंत्रासारख्या साच्यातून दाबून काढलेल्या मातीला शिल्पाचे रूप दिले; बोनाल्दी यांनी शिट्ट्या आणि लोककथांतील प्राण्यांना नवे अस्तित्व दिले. त्याच काळात, दुसऱ्या महायुद्धानंतर, गावात निर्यातीची मोठी लाट आली. फळांच्या परड्या, फुलदाण्या, दिव्यांचे खांब असा सजावटीचा माल अमेरिका आणि जर्मनीकडे जाऊ लागला आणि घराघरांत भट्ट्या निघाल्या.

ही लाट शतकाच्या अखेरीस ओसरली. आशियातून येणारा स्वस्त माल हे त्याचे मोठे कारण होते. हा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१३ मध्ये युरोपीय संघाने चीनमधून येणाऱ्या सिरॅमिक भांड्यांवर विशेष आयातशुल्क लावले. इटलीने त्याआधीच, १९९० च्या कायदा क्रमांक १८८ द्वारे, पारंपरिक आणि कलात्मक सिरॅमिकला संरक्षण दिले होते. जुनी परंपरा असलेली ठिकाणे निश्चित करून तेथील मालाला अधिकृत खूण देण्याची तरतूद त्यात आहे. १९९९ मध्ये अशा गावांची आणि शहरांची संघटना उभी राहिली, नोव्हे तिचा सदस्य आहे, आणि २०१५ पासून ही सर्व ठिकाणे वर्षातून एकदा, साधारणपणे मे महिन्यात, एकाच वेळी आपल्या कार्यशाळा लोकांसाठी खुल्या करतात. नोव्हेत १९९५ मध्ये दे फाब्रिस यांच्याच नावाच्या वास्तूत सिरॅमिकचे नगर संग्रहालयही सुरू झाले.

सप्टेंबरचा उत्सव या सर्वांच्या मधोमध उभा आहे. गुपित हे आता कारखान्याचे भांडवल राहिलेले नाही. झिलईची कृती कोणत्याही पुस्तकात मिळते आणि तयार भुकटी पोत्यात विकत मिळते. दुर्मीळ आहे तो न भाजलेल्या झिलईवर न अडखळता फिरणारा हात, आणि तो हात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ग्राहकाला हाताने रंगवलेल्या बशीसाठी अनेकपट किंमत का मोजावी हे पटत नाही. म्हणून उत्सवात विक्रीच्या मांडवांपेक्षा कार्यशाळांना अधिक जागा आणि अधिक वेळ मिळाला पाहिजे, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. मांडव कोणत्याही जत्रेत उभारता येतात, परंतु पेटलेली भट्टी, चालू चाक आणि कालव्याच्या पाण्यावरील दगड फोडणारी मुसळे गावाबाहेर नेता येत नाहीत. १८७५ च्या शाळेतून पुढे घडलेले जुने व्यावसायिक कला-विद्यालय २०१० च्या शिक्षणसुधारणेनंतर कला-शाखेच्या सर्वसाधारण माध्यमिक शाळेत रूपांतरित झाले. अशा सुधारणेत अभ्यासक्रम व्यापक होतो आणि प्रत्यक्ष कार्यशाळेचे तास घटतात, त्यामुळे तरुणांना कारागिराच्या शेजारी उभे राहून काम पाहण्याची संधी देणाऱ्या या दोन-तीन दिवसांवरचा भार पूर्वीपेक्षा वाढला आहे.