लाल रेघ कागदावर काळी होते तेव्हा

मृगाच्या आठवडाभर आधीची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बस स्टँडमागे एक फॅब्रिकेशनचं दुकान आहे. पेरणीच्या तोंडावर तिथे डवरे, तिफणी, ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं यांची रांग लागते. एका पेरणी यंत्राच्या फणाची पट्टी मी कॉम्प्युटरवर काढून दिली होती. फण मर्यादेपलीकडे फिरू नये म्हणून पट्टीच्या मागच्या बाजूला १६ मिलिमीटरच्या चौकोनी सळईचा एक तुकडा वेल्ड करायचा होता. कारागिराने तो पुढच्या बाजूला लावला. आठ पट्ट्या तशाच झाल्या होत्या.

"भाऊ, नकाशात तं सलग रेघ हाय. सलग म्हंजे समोर. म्या समोर लावला."

मी कागद हातात घेतला. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. चूक माझी होती.

यंत्राच्या नकाशात रेघ ही भाषा असते. डोळ्यांना दिसणारी कड जाड आणि सलग. मागे लपलेली कड तुटक. गोल भागाचा अक्ष दाखवायला बारीक मध्यरेषा, एक लांब तुकडा, एक आखूड, पुन्हा लांब. हे संकेत आयएसओ १२८ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत, आणि भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ या पुस्तिकेतही. दोन रेघा एकमेकींवर आल्या तर कोणती काढायची तेही ठरलेलं आहे: आधी दिसणारी कड, मग लपलेली, मध्यरेषा त्यानंतर. हा कारागीर कॉलेजात गेलेला नाही, पण ही भाषा त्याला पक्की येते.

मग माझी तुटक रेघ सलग कशी झाली? मी ती 'डॅश्ड' प्रकारात काढली होती. पण कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा काढायचं सॉफ्टवेअर, तुटक रेघेचे तुकडे साठवून ठेवत नाही. ते रेघेची दोन टोकं आणि आकड्यांची एक कृती साठवतं. ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरच्या मेट्रिक (मिलिमीटरच्या) फाइलमध्ये डॅश्डची कृती आहे: १२.७, -६.३५. अधिक आकडा म्हणजे तेवढी रेघ काढ, उणे म्हणजे तेवढी जागा सोड, शून्य आला तर टिंब दे. आकडे विचित्र वाटतात, कारण ते मुळात इंचांतले आहेत: अर्धा इंच रेघ, पाव इंच मोकळं.

रेघ आणि मोकळी जागा मिळून एक फेरा झाला १९.०५ मिलिमीटरचा. माझ्या चौकोनाची बाजू १६. सॉफ्टवेअरचा नियम असा की रेघेची सुरुवात आणि शेवट दोन्ही भरीव तुकड्याने व्हावेत, म्हणजे कोपरे नीट जुळतात. एवढ्याशा बाजूत एक फेराही बसत नसेल तर ते निमूटपणे सलग रेघ काढतं. चूक झाली असं सांगत नाही, कारण त्याच्या लेखी रेघ अजूनही 'डॅश्ड'च असते.

मला हे स्क्रीनवर दिसलं नाही, त्याचं कारण रंग. लपलेल्या कडांचा लेयर, म्हणजे नकाशातला वेगळा थर, मी लाल ठेवतो. लाल दिसलं की माझं मन 'मागे' असं वाचून मोकळं होतं. झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटरने लाल काळं केलं, आणि फक्त माझ्या डोक्यात असलेला अर्थ कागदावर उतरलाच नाही. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीतून पुढे निळ्या नकाशांच्या प्रती निघू लागल्या. निळ्यावर पांढऱ्या रेघा, तिसरा रंग नाही. तिथे सगळा अर्थ जाडी आणि तुटकपणा यांनीच सांगावा लागे. आमच्या दुकानातला कागद आजही तसाच एकरंगी आहे.

उलट अडचण शेताच्या नकाशात येते. ठिबकची जमिनीखालून जाणारी पाइपलाइन तुटक दाखवायची आहे आणि लांबी १०० मीटर आहे असं समजा. नकाशा मिलिमीटरमध्ये काढला तर ती होते एक लाख, आणि त्यात तोच फेरा पाच हजारांहून जास्त वेळा बसतो. १:५०० ने छापला तर एक फेरा ०.०४ मिलिमीटरहूनही लहान. शाई एकमेकांत मिसळते, रेघ पुन्हा सलग. इथे एलटीस्केल ही सेटिंग लागते. ती फेऱ्याच्या सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणते. १५० ने गुणलं तर कागदावर फेरा ५.७ मिलिमीटरचा येतो, म्हणजे झकास. माझ्या चौकोनाला मात्र ०.२५ पुरेसं होतं.

नाल्याची गंमत वेगळी. जीपीएसवर चालत चालत घेतलेले बिंदू जोडले की नाल्याची वळणं शेकडो छोट्या तुकड्यांची होतात. सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूवर कृती नव्याने सुरू करतं, तुकडा लहान असल्यामुळे ती मावत नाही, आणि अख्खा नाला सलग दिसतो. तिथे स्केल कितीही बदललं तरी मनासारखं होत नाही. पीलाइनजेन नावाची सेटिंग चालू करायची, म्हणजे फेरा बिंदूंना न जुमानता या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग मोजला जातो. हे कळायला मला दोन दिवस लागले होते.

जाडीचं शास्त्र मला सगळ्यात देखणं वाटतं. मानक जाड्या ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशा चढतात. प्रत्येक पुढची आधीच्या साधारण १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी. ए४ वरून ए३ करताना झेरॉक्स मशीनवर १४१ टक्के दाबतात, तोच हा आकडा. ०.३५ ची रेघ मोठी होऊन बरोबर ०.५ ची होते, म्हणजे वाढवलेल्या प्रतीतही जाडी मानकातच राहते. जाड रेघ बारकीच्या दुप्पट ठेवायची: ०.५ कडेला, ०.२५ मध्यरेषेला.

त्या आठ पट्ट्यांवरचे तुकडे आम्ही ग्राइंडरने काढले आणि मागून लावले. संध्याकाळ झाली. आता मी नकाशा आधी काळ्या रंगात, त्याच झेरॉक्सच्या दुकानातून, खऱ्या मापात छापून घेतो. मग तो कारागिरासमोर ठेवतो आणि त्यालाच विचारतो, "भाऊ, यातलं मागचं काय आहे, सांगा बरं."