लाल डिझेल कुणाला चालतं? ब्रिटनमधल्या शेती आणि झाडकामाच्या गाड्यांचे नियम

रेशनचं रॉकेल निळं का असतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सवलतीचा माल भलतीकडे गेला तर रंगावरून सापडावा, एवढंच त्यामागे असतं. ब्रिटनमध्ये हीच युक्ती डिझेलला लावली आहे, फक्त रंग लाल. इंजिनाला रंगाशी काही घेणंदेणं नाही, सगळा फरक कराचा आहे. २३ मार्च २०२२ च्या कपातीनंतर साध्या डिझेलवर (इकडे त्याला ‘पांढरं’ म्हणतात) लिटरमागे ५२.९५ पेन्स इंधनकर बसू लागला आणि लाल डिझेलवर १०.१८. म्हणजे हजार लिटरमागे सव्वाचारशे पौंडांहून जास्त फरक. शेतीची कंत्राटी कामं घेणाऱ्याचा हंगामाचा नफा कधीकधी एवढाच असतो.

इथे शेतात किंवा झाडं तोडायच्या कामावर लागलेली आपली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो असा: ‘ट्रॅक्टर आहे, मग लाल चालेलच ना?’ नाही. १ एप्रिल २०२२ पासून नियम घट्ट झाले. त्याआधी बांधकाम, खाणकाम असल्या कामांनाही लाल डिझेल चालायचं, ते बंद झालं. आता दोन कुलपं आहेत आणि दोन्ही उघडली पाहिजेत: गाडी कायद्यात बसणारी हवी आणि त्या क्षणी चाललेलं कामही बसणारं हवं. शेती, बागायती पिकं, मत्स्यशेती आणि वनीकरण ही मुख्य कामं. त्याच ट्रॅक्टरने एखाद्याच्या घराच्या बांधकामाचा राडारोडा वाहिलात, तर मालक शेतकरी आहे म्हणून सूट मिळत नाही.

गाड्यांचं बघू. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र हे सरळ प्रकार. त्यापुढे ‘हलकं शेतीवाहन’ असा एक वर्ग आहे. त्याचं वजन १,००० किलोपर्यंत हवं, ते मुळात रस्त्याबाहेर चालवायला बनवलेलं हवं आणि सीट फक्त चालकापुरती हवी. या शेवटच्या अटीवर पुष्कळ जण अडकतात, कारण शेजारी कुत्र्याला किंवा मदतनिसाला बसता येईल अशी दोन सीटची छोटी गाडी या वर्गात येत नाही. तिला दुसरा रस्ता आहे. एकाच माणसाच्या ताब्यातल्या दोन जमिनींमध्ये ये-जा करायची असेल, सार्वजनिक रस्त्यावरचं अंतर दीड किलोमीटरच्या आत असेल आणि काम निव्वळ शेतीचं किंवा वनीकरणाचं असेल, तर मर्यादित वापराच्या वर्गात नोंदणी करता येते. पिकअप आणि जीपगाड्या मात्र शेतीवाहनं नव्हेत. शेतावरच निघाल्या असल्या तरी रस्त्यावर त्यांना पांढरंच लागतं.

आता झाडकाम, कारण गोंधळ इथेच जास्त. जंगलात लावलेली झाडं तोडणं आणि ओंडके ओढून बाहेर काढणं हे वनीकरण, तिथे प्रश्न येत नाही. सार्वजनिक रस्त्याच्या कडेची झाडं, कुंपणाची झुडपं आणि गवताच्या पट्ट्या ट्रॅक्टरने छाटायलाही कायद्याने मुभा आहे. हिवाळ्यात नांगरासारखं पातं लावून रस्त्यावरचा बर्फ बाजूला करणंही त्यात येतं. पण एखाद्या बंगल्याच्या मागच्या बागेतलं ओकचं झाड उतरवायला ट्रॅक्टर घेऊन निघालात, तर ते वनीकरण म्हणून दाखवणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर अशा कामाला पांढरं भरा. लाल वापरायचंच असेल तर आधी एचएमआरसी या कर खात्याकडून लेखी उत्तर मागवा. फांद्यांचा भुगा करणाऱ्या चिपरकडेही लक्ष हवं. तो ट्रॅक्टरच्या शाफ्टवर चालत असेल तर डिझेल ट्रॅक्टरच्या टाकीतून जातं, स्वतःचं इंजिन असेल तर त्याची टाकी वेगळी, आणि हिशेबही त्या यंत्राच्या कामाप्रमाणे वेगळा.

लाल डिझेल वापरायला शेतकऱ्याला परवान्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागत नाही, हे ऐकून आपल्या लोकांचा विश्वास बसत नाही. अर्ज करायचा तो गाडीच्या नोंदणीसाठी, डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याकडे. नव्या गाडीला व्ही५५/४ फॉर्म, जुनी पहिल्यांदा नोंदवायची असेल तर व्ही५५/५. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि गाडी कोणत्या सालची आहे त्याचा कागद. पुढे व्ही५सी हे नोंदणीपुस्तक हातात येतं. त्यावरचा कराचा वर्ग नीट वाचा. शेतीवाहनाला रस्त्याचा कर शून्य असतो, पण शून्य असला तरी तो दरवर्षी ‘भरावा’ लागतो. एक पैसा द्यायचा नाही, तरी विसरलात की दंडाचं पत्र येतं.

डिझेल घ्यायचं ते एचएमआरसीकडे नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून. माल योग्य कामाला जातोय याची खात्री करून घेणं ही त्याची जबाबदारी असल्यामुळे तो तुमच्याकडून नाव, पत्ता, अंदाजे किती लागेल आणि कशासाठी, हे लिहून घेतो आणि सही मागतो. तिथे मोघम ‘शेती’ लिहू नका. ‘वनीकरण, ओंडके काढणे’ असं स्पष्ट लिहा. बिलं जपून ठेवा. त्याबरोबर कुठल्या दिवशी, कुठे, काय काम केलं त्याची एक वही ठेवा. उद्या कुणी विचारलं तर तीच उपयोगी पडते.

एकच ट्रॅक्टर दोन्ही प्रकारच्या कामांना वापरणाऱ्यांचे खरे हाल होतात. लालवरून पांढऱ्यावर यायचं तर टाकी रिकामी करून, नळ्यांसकट रंगाचा मागमूस राहणार नाही इतकी धुवावी लागते. उलट दिशेला अडचण नाही, कारण पूर्ण कर भरलेलं डिझेल कशालाही चालतं. म्हणून मिश्र कामं असणारे बरेच जण एक ट्रॅक्टर कायमचा पांढऱ्यावर ठेवतात.

तपासणीला येणारं पथक टाकीत नळी सोडून नमुना काढतं. रंग काढून टाकायच्या क्लृप्त्या जुन्या आहेत, पण २०१५ पासून लाल डिझेलमध्ये आणखी एक खूणद्रव्य मिसळतात, ते सहजासहजी निघत नाही. सापडलं की गाडी जप्त होऊ शकते, दंड आणि बुडालेला कर वेगळा. माझ्या ओळखीच्या एकाने रात्री पिकअप बंद पडली म्हणून ट्रॅक्टरच्या कॅनमधून पाच लिटर ओतले आणि घरी आला. पुढचे कित्येक दिवस तो टाकी धूतच होता. तेव्हापासून त्याच्या शेडमध्ये लाल डिझेलच्या कॅनांची झाकणंही लाल रंगवलेली आहेत आणि ते कॅन पिकअपपासून लांब, दुसऱ्या भिंतीला असतात.