घरातील वाळवी-तपासणी (नागपूर)

जमिनीतून घराच्या लाकडापर्यंत वाळवी (उधई) कोणत्या वाटेने चढते, ते ठरावीक काळाने शोधत राहणे म्हणजे वाळवी-तपासणी. नागपूरच्या घरांना त्रास देणारी वाळवी मुख्यतः जमिनीखाली राहणारी आहे. तिचे कामकरी किडे मऊ कातडीचे असतात, उघड्यावर लवकर सुकतात. म्हणून ते भिंतीवर माती आणि लाळेची पेन्सिलीएवढी जाड नळी बांधून तिच्या आतून ये-जा करतात. ही नळी लवकर सापडणे हाच तपासणीचा खरा फायदा. त्यासाठी माती आणि लाकूड यांच्यामधला भिंतीचा पट्टा सतत डोळ्यांसमोर असला पाहिजे.

नागपुरात वाळवी घरात शिरण्याचे पहिले कारण माती. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जोत्याला, फरशीला बारीक चिरा पाडते; वाळवीला एखाद्या मिलिमीटरची चीरही पुरते. दुसरे कारण कूलर. एप्रिल ते जून खिडकीबाहेरच्या कूलरची टाकी गळत राहिली की आजूबाजूची जमीन कोरडी ठणठणीत असताना तेवढीच भिंत ओली राहते. खिडकीची चौकट लाकडी असेल तर तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. बांधकामावेळी पायाभरणीत राहिलेले सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे हे तिसरे कारण. शेतजमिनीवर पडलेल्या नव्या लेआउटमध्येही घर नवे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मोठी तपासणी वर्षातून दोनदा करावी: मे महिन्यात, पावसाआधी, आणि ऑक्टोबरमध्ये, भिंती वाळू लागल्यावर. शिवाय पहिल्या दमदार सरींनंतरचे दोन-तीन दिवस दिव्याखाली आणि खिडकीच्या पट्टीवर गळलेले पंख पाहावेत. वाळवीच्या पाखराचे (पंखवाल्या वाळवीचे) चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि कंबर बारीक. पंखांचा ढीग घराच्या आतच सापडला, तर वसाहत जोत्याखाली किंवा अगदी जवळ असल्याचा संशय धरावा.

टॉर्च आणि पेचकस एवढे सामान पुरते. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरावा. समोरून मारलेल्या उजेडात रंगाखालची नळी दिसत नाही. चौकटीच्या पायाशी पेचकसाच्या मुठीने ठोकत वर जावे. आवाज पोकळ आला तर टोक दाबून पाहावे. वरचा पापुद्रा शाबूत आणि आत माती भरलेली असते. बाथरूमला लागून असलेली आलमारी, सिंकखालची ट्रॉली, जिन्याखालची अडगळ, देवघराची मागची बाजू आणि स्विचबोर्ड या जागा हमखास राहून जातात. स्विचबोर्ड महत्त्वाचा, कारण भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपातून वाळवी नळी न दाखवता वरच्या मजल्यावर पोहोचते. तो मेन स्विच बंद करूनच उघडावा. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांच्या सागवानी चौकटींचा गाभा सहसा टिकतो, पण कडेचे पांढरे लाकूड खाल्ले जाते.

नळी सापडताच झाडून टाकणे किंवा तिच्यावर फवारा मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. राणी जमिनीतच राहते; वाळवी फक्त वाट बदलते आणि पुढची वाट दिसेलच असे नाही. मधला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा तोडावा, पेन्सिलीने खूण करावी, दोन-तीन दिवसांनी पाहावे. तुकडा पुन्हा बांधला गेला तर वाळवी चालू आहे. तसाच राहिला तरी तेवढ्याने ती गेली असे धरू नये. पंधरा दिवसांनी आजूबाजूचा भाग पुन्हा तपासावा.

बांधलेल्या इमारतींवरील उपचारासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 6313, भाग 3 हे मानक आहे. भिंत आणि फरशीच्या सांध्यात 12 मिमी व्यासाची छिद्रे 300 मिमी अंतराने पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर वाळवीनाशक द्रावण सोडतात आणि छिद्रे सिमेंटने बुजवतात. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे कीटकनाशक वापरल्यास प्रमाण लिटरभर पाण्यात 2.1 मिलि. काम फक्त आतून झाले आणि बाहेरचा जोत्यालगतचा पट्टा सुटला, तर उपचार अर्धाच राहतो. भर पावसात ते करू नये: पाण्याने भरलेली माती द्रावण पीत नाही, ते वाहून जाते. आवारात विहीर असेल तर तिच्या बाजूला औषध सोडण्याआधी कंत्राटदाराशी अंतर ठरवून घ्यावे.

उपचारानंतर नवी नळजोडणी, गटार किंवा कुंपणाची भिंत यासाठी जोत्यालगत खोदले की औषधाचा पट्टा तुटतो. खड्डा बुजवतानाच त्या मातीवर पुन्हा द्रावण द्यावे. बागेची माती जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर चढू देऊ नये, आणि प्लॅस्टरला टेकवून लाकडे किंवा खोकी रचू नयेत.