नऊ, दहा, चाळीस आणि पुन्हा नऊ : पोलिसांच्या काडतुसांची पार्श्वभूमी

अमेरिकेत १९८६ नंतर ९ मिलिमीटरचे काडतूस पोलिसी कामाला अपुरे ठरवले गेले आणि तीस वर्षांच्या आत एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेने तेच काडतूस पुन्हा स्वीकारले. मधल्या काळात ९ मिलिमीटरचे कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, तेच राहिले होते. बदलली ती गोळीची घडण आणि तिची परीक्षा घेण्याची पद्धत.

कॅलिबरचा वाद तसा फार जुना. फिलिपिन्समध्ये मोरो या स्थानिक मुस्लिम समाजाच्या लढवय्यांसमोर .३८ लाँग कोल्टच्या (.३८ म्हणजे इंचातले कॅलिबर) रिव्हॉल्व्हरचा प्रभाव पडत नाही, अशी अमेरिकी सैनिकांची तक्रार होती. म्हणून १९०४ मध्ये कॅप्टन जॉन थॉम्पसन आणि मेजर लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि शिवाय मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. जनावरे मोजकी होती, कुठे किती गोळ्या लागल्या यात एकसारखेपणा नव्हता, तरी निष्कर्ष ठाम निघाला: .४५ पेक्षा लहान गोळी नको. लष्कराने १९११ मध्ये .४५ चे पिस्तूल घेतले. पोलीस मात्र पुढची कित्येक दशके .३८ स्पेशलवरच राहिले. त्यातली १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे दहा ग्रॅमची, गोल टोकाची शिशाची गोळी फारशी पसरत नसे. अरुंद वाट काढत ती बऱ्याचदा आरपार जाई आणि मागे उभ्या असलेल्याला धोका होई.

यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात सुपर वेलसारख्या उत्पादकांनी हलक्या, वेगवान, पोकळ टोकाच्या गोळ्या बाजारात आणल्या. शरीरात शिरताच पोकळीत द्रव घुसतो, कडा बाहेर वळतात, गोळी रुंद होते आणि लवकर थांबते. (पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने घातलेली बंदी राष्ट्रांमधल्या युद्धापुरती आहे, देशांतर्गत पोलिसांना ती लागू नाही.) मग १९७५ च्या सुमारास एका सरकारी अभ्यासाने गोळ्यांची क्रमवारी लावली. तिचा सारा भर गोळी जाताना ऊती क्षणभर ताणून होणाऱ्या तात्पुरत्या पोकळीवर होता. साहजिकच हलक्या आणि वेगवान गोळ्या वरच्या क्रमांकावर आल्या. घोळ इथेच झाला. पिस्तुलाच्या वेगाला बहुतेक ऊती ताणल्या जाऊन पुन्हा जागेवर येतात. यकृतासारखे ठिसूळ अवयव हा अपवाद. खरी जखम गोळी जेवढे चिरडत जाते तेवढीच, आणि ती किती खोल जाते याला त्या क्रमवारीत पुरेसे वजन नव्हते.

याची किंमत ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत मोजावी लागली. एफबीआयच्या आठ एजंटांची मायकेल प्लॅट आणि विल्यम मॅटिक्स या दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. एका एजंटाची ११५ ग्रेनची ९ मिलिमीटर गोळी प्लॅटच्या उजव्या दंडातून छातीत शिरली, फुप्फुस निकामी केले आणि हृदयाच्या साधारण एक इंच अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, पण त्यानंतरही प्लॅट लढत राहिला. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. गोळीत दोष नव्हता. लवकर पसरून लवकर थांबणे हेच तर तिच्याकडून अपेक्षित होते.

एफबीआयने १९८७ मध्ये क्वांटिकोला, आपल्या प्रशिक्षण अकादमीत, तज्ज्ञ बोलावले. त्यांत लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर होते. शरीरातल्या ऊतींच्या जागी दहा टक्के जिलेटिनचा (स्फोटक नव्हे, जेलीसारखा गोठणारा पदार्थ) ठोकळा ४ अंश सेल्सिअसला ठेवून परीक्षा घेण्याची त्यांची रीत आजही प्रमाण मानतात. आधी ठोकळाच तपासतात: सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने झाडलेला पोलादी छर्रा साधारण साडेआठ सेंटिमीटर आत जायला हवा. जास्त गेला तर ठोकळा मऊ, कमी गेला तर कडक, आणि अशा ठोकळ्यावरची सगळी मापे फुकट. मग दहा फुटांवरून उघड्या जिलेटिनवर, जाड कपड्यांमधून, पोलादी पत्रा, जिप्समचा बोर्ड, प्लायवुड आणि गाडीची तिरपी काच यांतून गोळ्या झाडतात. खोली किमान १२ इंच हवी, १८ पर्यंत उत्तम. छाती तेवढी जाड नसते हे खरे, पण रोखलेल्या हाताचा दंड आधी वाटेत येतो आणि गोळी क्वचितच समोरून सरळ लागते. मायामीत नेमके तेच झाले होते.

या चाचण्यांनी जुन्या गोळ्यांची लक्तरे काढली. कापडाचे तंतू पोकळीत ठासून बसले की गोळी पसरतच नाही आणि खोल निघून जाते. काचेवर तांब्याचे आवरण शिशापासून सुटते. त्यातून आवरण शिशाला पक्के जोडलेल्या गोळ्या पुढे आल्या.

कॅलिबरचे वेड मात्र सुटले नव्हते. एफबीआयने दहा मिलिमीटर घेतले, पण झाडताना हाताला बसणारा झटका जबर आणि पिस्तूल बोजड. म्हणून दारू कमी केलेले काडतूस वापरले. दारू कमी तर एवढी लांब पुंगळी (दारू भरलेले धातूचे नळकांडे) कशाला, असे म्हणत स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी १९९० मध्ये तीच आखूड करून .४० आणली. ती ९ मिलिमीटरच्या आकाराच्या पिस्तुलात मावली, पण झटका तिखटच राहिला. पुढे एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने २०१४ मध्ये लिहिले की चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, नव्या गोळ्यांच्या जखमांमध्ये कॅलिबरप्रमाणे डोळ्यांना दिसेल असा फरक नाही, आणि ९ मिलिमीटरने बहुतेकांचा नेम लवकर व नीट बसतो.

स्वसंरक्षणासाठी परवानाधारकांची निवड याच मोजपट्टीवर आली आहे, फक्त त्यांची नळी बहुधा आखूड असते. आखूड नळीत वेग घटतो आणि लांब नळीसाठी बेतलेली गोळी पसरत नाही; .३८ च्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे सर्रास घडते. आपल्याच पिस्तुलातून तेच काडतूस अडकल्याशिवाय चालते का, हेही झाडूनच कळते, कारण पोकळ टोक काही पिस्तुलांत आत सरकताना अडते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. तेच काडतूस रोज काढून पुन्हा भरले की गोळी पुंगळीत आत ढकलली जाते, आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायकरीत्या वाढतो; .४० मध्ये हा धोका विशेष. नव्या काडतुसाशेजारी उभे धरून लांबी पाहावी. आखूड दिसले तर ते झाडायचे नाही, बाजूला काढायचे.