वॉशिंग मशीनला मोरीकडे कल देण्याची गरज नाही

सांगली-मिरज भागातील अनेक घरांत वॉशिंग मशीन न्हाणीघरात, मोरीकडे उतरत्या फरशीवर ठेवलेले असते; त्यामुळेच ‘मशीनला थोडा कल असावा, म्हणजे पाणी पूर्ण निघून जाते’ हा समज टिकून राहिला असावा. तो चुकीचा आहे. फ्रंट लोड मशीनमधील पाणी पंप बाहेर फेकतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ते उताराने वाहते हे खरे, पण तेथेही पाइप खाली सोडावा लागतो, मशीन कलते ठेवावे लागत नाही. उलट, पिळताना मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेणारा ड्रम कलता असेल, तर मशीन हादरते आणि जागा सोडते.

पायांखाली पुठ्ठा सरकवणे हा उपाय नव्हे. तो भिजून दबतो. गवंडी वापरतात ती लेव्हल (बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी पट्टी) मशीनवर आधी डावी-उजवी, मग पुढे-मागे अशी ठेवून मोरीकडचे पाय फिरवून आवश्यक तेवढेच लांब करावेत, बाकीचे शक्य तितके आखूड ठेवावेत, कारण लांब पायांवर थरथर वाढते. नंतर तिरक्या रेषेतले समोरासमोरचे कोपरे दाबून मशीन डुलत नाही ना हे पाहावे आणि पायांवरील चेकनट (पाय फिरू नयेत म्हणून असलेले नट) मशीनच्या तळाशी घट्ट आवळावेत. घाईत नेमके हेच राहून जाते, आणि पाय पुन्हा सैल होतात.