ऑक्सिजन-१८ ची वजाबाकी

दोन न्यूट्रॉनमधलं आकर्षण आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनमधलं आकर्षण सारखंच असतं का? याचा पहिला अंदाज संगणकाशिवायही बांधता येतो. बंधनऊर्जेचा (केंद्रक फोडून सगळे कण सुटे करायला लागणाऱ्या ऊर्जेचा) तक्ता हाताशी असला की पुरे.

ऑक्सिजन-१६ (८ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन) हा बंदिस्त गाभा, म्हणजे भरलेल्या कवचांचं केंद्रक, धरा. त्यात एक न्यूट्रॉन घातला की बंधनऊर्जा ४.१४३ एमईव्हीने (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) वाढते. प्रोटॉन घातला तर जेमतेम ०.६००ने, कारण गाभ्यातले आठ प्रोटॉन त्याला ढकलत असतात. आता दोन कण घाला. ऑक्सिजन-१८ मध्ये एकूण वाढ १२.१८८, त्यातून दोन सुट्या न्यूट्रॉनचा वाटा काढला की उरतात ३.९०. हा झाला त्या जोडीचा आपसांतला स्नेह. फ्लोरिन-१८ मध्ये (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) ९.७५० मधून ४.७४३ गेले, उरले ५.०१. निऑन-१८ मध्ये (दोन प्रोटॉन) फक्त ३.३२, पण तिथे दोन प्रोटॉनचं आपसांतलं विद्युत प्रतिकर्षण मिसळलेलं आहे.

फ्लोरिनला जास्त का? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपं मानून जोडीला जो क्रमांक देतात तो आयसोस्पिन, टी. दोन न्यूट्रॉनच्या जोडीचा आयसोस्पिन टी=१ असतो, दुसरा पर्यायच नसतो. प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीला टी=० चाही मार्ग मोकळा असतो आणि तिथलं आकर्षण अधिक प्रबळ असतं. फ्लोरिन-१८ ची टी=१ पातळी तळाच्या पातळीपेक्षा १.०४ एमईव्ही वर आहे. तिचा हिशेब केला तर ३.९७ येतात, ऑक्सिजनच्या ३.९० च्या अगदी शेजारी. बल तेच, फक्त जोडी वेगळी.

मात्र ५.०१ हा एकच मॅट्रिक्स एलिमेंट (ठरावीक कक्षांतल्या दोन कणांमधल्या बलाचा आकडा) समजू नका. त्यात डी-५/२, एस-१/२ आणि डी-३/२ या गाभ्याबाहेरच्या कवचातल्या तिन्ही कक्षांची मिसळ असते. या कवचात असे स्वतंत्र आकडे ६३ निघतात: टी=१ चे ३०, टी=० चे ३३. भौतिकशास्त्रज्ञ वाइल्डेन्थाल यांनी १९८४ मध्ये ते मोजलेल्या ऊर्जापातळ्यांशी जुळवून ठरवले. जड केंद्रकांकडे जाताना त्यांना (१८/ए)च्या ०.३ घाताने गुणतात (ए म्हणजे वस्तुमानांक, प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या). हे गुणणं राहून गेलं की जड टोकाला आकर्षण फाजील वाढतं. विद्युतऊर्जा मात्र जुळवणीआधीच वजा करायची, नाहीतर ती टी=१ च्या आकड्यांत शिरते. तरीही एक खोच उरते. ऑक्सिजन-१७ ची १/२ स्पिनची पातळी ०.८७१ एमईव्ही वर, तर त्याच्या आरशातल्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या संख्यांची अदलाबदल झालेल्या) फ्लोरिन-१७ मध्ये ती ०.४९५ वर. एस-कक्षेतला सैल बांधलेला प्रोटॉन दूरवर पसरतो, त्यामुळे त्याला विद्युत प्रतिकर्षण कमी जाणवतं. सगळ्या कक्षांना एकच विद्युत-दुरुस्ती लावणाऱ्या गणिताला हे दिसत नाही.

टी=० चा जोर खरा दिसतो तो काठावर, म्हणजे आणखी न्यूट्रॉन केंद्रकात टिकत नाहीत तिथे. ऑक्सिजनची समस्थानिकं १६ न्यूट्रॉनवर, म्हणजे ऑक्सिजन-२४ वर थांबतात. तिथे बाहेरचे सगळे कण न्यूट्रॉनच, त्यामुळे डी-३/२ कक्षेला खाली ओढणारं कुणी नाही. ऑक्सिजन-२८ तर ८ प्रोटॉन आणि २० न्यूट्रॉन अशा दोन्ही जादुई संख्यांचा (कवचं पूर्ण भरून सहसा जास्त स्थैर्य देणाऱ्या संख्या), पण २०२३ साली जाहीर झालेल्या प्रयोगात तो चार न्यूट्रॉन टाकून फुटताना दिसला. फ्लोरिनमध्ये एकच प्रोटॉन जास्त. डी-५/२ मधला तो प्रोटॉन डी-३/२ मधल्या न्यूट्रॉनना टी=० च्या वाटेने ओढतो आणि साखळी फ्लोरिन-३१ पर्यंत, २२ न्यूट्रॉनपर्यंत लांबते.