डार्क सर्कल्स: क्रीम घ्यायच्या आधी जरा आरशात बघा

डोळ्याखाली काळं दिसलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय, झोप नाही झाली का?" आणि मग आपणही तेच धरून बसतो. पण रोज आठ तास झोपणाऱ्यांनाही डार्क सर्कल्स असतात, शाळेतल्या पोरांनाही असतात, त्यामुळे सगळं खापर झोपेवर फोडून उपयोग नाही.

मुळात पापणीची स्किन म्हणजे अंगावरची सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर, त्याखाली चरबी जवळपास नाहीच, लगेच डोळा मिटणारा स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. झिरझिरीत ओढणीतून दिसावं तसं ते वरून निळसर-जांभळं दिसतं. झोप कमी झाली की चेहरा फिकट पडतो, डोळ्याखाली सूज येते, म्हणून तेच जास्त उठून दिसतं, एवढाच झोपेचा रोल.

घरच्या घरी एक टेस्ट करता येते. काजळ, मेकअप सगळं नीट पुसा, दिवसा खिडकीसमोर आरसा घेऊन उभे राहा आणि बोटाने डोळ्याखालची स्किन हलकेच बाजूला ताणा. तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला तर ते पिगमेंट म्हणजे स्किनला रंग देणारं मेलॅनिन, निळसरपणा वाढला तर रक्तवाहिन्या, आणि तोंड उजेडाकडे वर केल्यावर काळं गायबच झालं तर ती नुसती सावली, वय वाढलं की डोळ्याखाली खळगा पडतो किंवा पिशवी येते त्याची. अगदी पक्कं निदान नव्हे पण अंदाज येतो, आणि बऱ्याच जणांना दोन-तीन गोष्टी मिक्स असतात.

आपल्याकडे पिगमेंटवालं जास्त दिसतं आणि त्यात घराण्याचा वाटा मोठा, आईला असेल, मावशीला असेल तर तुम्हालाही असण्याची शक्यता जास्त. त्यात भर घालतं ऊन आणि डोळे चोळणं! धुळीची अ‍ॅलर्जी असणाऱ्या मुलांकडे बघा, सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक चोंदलेलं आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळणं चालू. नाक चोंदलं की डोळ्याखालच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं आणि चोळून चोळून स्किन काळी पडते, म्हणजे डबल मार. अशा पोराला आय क्रीम लावून काय होणार, आधी अ‍ॅलर्जीची ट्रीटमेंट करा. अंगात रक्त कमी असेल तरी चेहरा फिकट पडून वर्तुळं जास्त दिसतात, तेव्हा हिमोग्लोबिन एकदा चेक करावं, उगाच मनाने आयर्नच्या गोळ्या सुरू करू नयेत.

आता उपाय. काकडी, थंड चमचा, फ्रीजमधली टी-बॅग याने सूज थोडा वेळ उतरते, चहातल्या कॅफिनने शिरा आकसतात, पण इफेक्ट तात्पुरता, लग्नाला जायचंय तर ठीक. लिंबू मात्र अजिबात नको, आग होते आणि लिंबू लावून उन्हात गेलात तर उलट काळे डाग पडतात. पिगमेंट असेल तर सगळ्यात आधी सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा वरचं, आणि रोज. त्याच्या जोडीला व्हिटॅमिन सी, कोजिक अ‍ॅसिड, रेटिनॉल असलं काही हळूहळू, प्रेग्नन्सीत रेटिनॉल नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने सहज जातात, आठवड्यात गोरं करणारी ट्यूब दिसली तर मला तरी शंकाच येते. सावलीवाल्यांना कुठलंच क्रीम फारसं लागू पडत नाही, तिथे फिलर करतात, म्हणजे इंजेक्शनने जेल टाकून खळगा भरतात, पण डोळ्याजवळचं फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे ते पार्लरमध्ये करायचं काम नव्हे.

मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली स्टेरॉईडवाली ट्यूब आणून डोळ्याखाली लावणं हा प्रकार सगळ्यात डेंजर. सुरुवातीला छान उजळ वाटतं, मग स्किन आणखी पातळ होते, शिरा आणखी दिसायला लागतात, आणि बरेच दिवस लावलं तर काचबिंदूचा, मोतीबिंदूचा धोका.

आणि गंमत म्हणजे काचबिंदूच्याच काही ड्रॉप्सनी, लॅटानोप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट वगैरे, पापण्यांची स्किन काळवंडते. आजी-आजोबांना ते चालू असतील तर काळं दिसतंय म्हणून ड्रॉप्स परस्पर बंद करू नका, डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा औषध बदललं की ते काही महिन्यांत फिकं होतं.